साडेसात फुटांच्या छताखाली ड्रम्स रेकॉर्ड करताना

माझी रेकॉर्डिंगची खोली चिंचवडच्या एका जुन्या बैठ्या घरात, पोटमाळ्याच्या खाली आहे. बारा फूट लांब, दहा फूट रुंद, आणि फरशीपासून छतापर्यंत बरोबर साडेसात फूट. तबला, ढोलकी, पेटी, गाणं, सगळं या खोलीत कितीतरी वर्षं छान रेकॉर्ड होत आलं. मग एका बँडचा ड्रमर आपला सेट घेऊन आला. खोली तीच, माइक तेच, पण आवाज आला तो पत्र्याच्या पिंपात कुणी ड्रम्स वाजवावेत तसा. सिंबल (धातूच्या थाळ्या) कान चिरत होते, स्नेअर (ड्रमरच्या पुढ्यातला खणखणीत ड्रम) पोकळ लागत होता, टॉम (बाजूचे घुमारदार ड्रम) तर कुठे हरवले ते कळेना. दोन दिवस आम्ही माइक उंच करत राहिलो. पुस्तकात, व्हिडिओत सगळीकडे ओव्हरहेड, म्हणजे सेटच्या वर लावायचे, माइक उंचावरच दिसतात ना!

चूक नेमकी तिथेच होती. तबलजी जमिनीवर बसतो. तबल्याचं पान जमिनीपासून फूटभर उंच, माइक अडीच फुटांवर, आणि माइकपासून छत आणखी पाच फूट लांब. तबल्याचा आवाज दीड फुटात थेट माइकमध्ये पोचतो, तर छताला आपटून येणारा साडेअकरा फूट चालून येतो. तोवर तो जवळपास १८ डेसिबलने दबलेला असतो, म्हणजे असून नसल्यासारखा. ड्रमर मात्र स्टुलावर बसतो, त्याचे सिंबल चार फुटांवर असतात आणि माइक त्याच्याही वर. तुमच्या घरातल्या खोलीत बाकी सगळं उत्तम रेकॉर्ड होतं आणि फक्त ड्रम्सच बिघडतात, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. उपाय दोनच: माइक खाली आणायचे आणि छत गप्प करायचं. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवती फिरतं.

५६३ हा आकडा

पहिल्या दिवशी आमचे ओव्हरहेड सात फुटांवर होते, छतापासून अर्धा फूट खाली. खालच्या सिंबलचा आवाज माइककडे तीन फूट चालून येत होता. तोच आवाज छताला लागून परत येताना चार फूट चालत होता. फरक एका फुटाचा, आणि जोरातला फरक फक्त अडीच डेसिबलचा. जवळपास तेवढ्याच ताकदीचे दोन आवाज जरासे पुढेमागे पोचले की काही कंपनं एकमेकांना मारतात. कुठली मारतात ते काढायला सोपा हिशोब आहे: ५६३ ला फुटांमधल्या फरकाने भागा. एक फूट फरक असेल तर पहिला खड्डा ५६३ हर्ट्झला, मग त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट, असे खड्डे वरपर्यंत पडत जातात. स्नेअरचा भरीवपणा, टॉमचा गाभा, सिंबलची चकाकी, सगळ्यात दातेरी फणी फिरवल्यासारखं होतं. ईक्यू (आवाजातले खालचे-वरचे भाग कमी-जास्त करायची सोय) कितीही फिरवला तरी हे भरून येत नाही, कारण जे मेलं ते रेकॉर्डच झालेलं नसतं.

आता तोच माइक साडेपाच फुटांवर आणा. सिंबलपासून अंतर दीड फूट, छतावरून फिरून येणारं साडेपाच फूट. जोरातला फरक आता ११ डेसिबल. खड्डे तरीही पडतात, पण उथळ. त्यात माइक कार्डिओइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) असेल आणि तोंड खाली असेल, तर त्याची पाठ छताकडे असते आणि पाठीमागचं त्याला सगळ्यात कमी ऐकू येतं. म्हणून या कामाला ओम्नी, म्हणजे सगळ्या बाजूंनी सारखं ऐकणारा माइक, नको. पुढून-मागून सारखं ऐकणारा फिगर-एट रिबन माइक तर आडवा टांगून मुळीच नको, त्याचं मागचं तोंड सरळ छताकडे वळतं.

हाच ५६३ आकडा आणखी एका ठिकाणी उपयोगी पडतो. त्याला छताच्या उंचीने भागा: साडेसात फुटांना साधारण ७५ हर्ट्झ, सात फुटांना ८०, आठ फुटांना ७०. फरशी आणि छत यांच्यामध्ये खोली या कंपनाला घुमते. तुमच्या खोलीचा आकडा काढून भिंतीवर लिहून ठेवा, ड्रम सुरात लावताना लागेल.

आधी खोली ऐका

सेट उघडण्याआधी खोलीच्या मधोमध उभे राहून एक खणखणीत टाळी वाजवा. टाळीमागून ‘टर्रर्र’ असा बारीक आवाज आला तर दोन समोरासमोरचे कडक पृष्ठभाग आवाजाची झेल-फेक करत आहेत. मग एका हाताने जाड उशी डोक्यावर धरून तिच्याखाली चुटकी वाजवा. टर्रर्र कमी झाली तर ती छत आणि फरशी यांच्यातली आहे. नाही झाली तर भिंती बघा.

नंतर एकटा फ्लोअर टॉम (जमिनीवर पायांवर उभा राहणारा मोठा टॉम) उचला. खोलीत सहा-सात ठिकाणी ठेवून प्रत्येक ठिकाणी सारख्याच जोराने दोन-तीन वेळा वाजवा. एका जागी तो घुमत राहील, एका जागी खालचा सगळा भाग गायब होईल, आणि एक-दोन जागा अशा सापडतील जिथे तो भरून वाजतो आणि वेळेवर थांबतो. सेट तिथेच लावायचा. खोलीचा नेमका मध्य शक्यतो टाळा, लांबी-रुंदीच्या सगळ्यात खालच्या घुमांना तिथे खळगा असतो. माझ्या खोलीत चांगली जागा दाराच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर निघाली, तीही किंचित तिरकी. दिसायला विचित्र दिसतं, पण आवाज तिथेच आहे.

छत गप्प करणं

भिंतींना फोम चिकटवून पैसे संपवण्याआधी सेटच्या वरचं छत करा. मी सहा पॅनल लावले, प्रत्येक दोन बाय चार फुटांचं, म्हणजे एकूण सहा बाय आठ फुटांची छत्री. पूर्ण सेट आणि ड्रमरचं डोकं तिच्याखाली येतं.

आत रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर), घनता ४८ ते ६४ किलो प्रति घनमीटर, जाडी चार इंच. दोन इंचांचे दोन थर एकावर एक ठेवले तरी चालतात. जाडीवर मात्र तडजोड नको. एक इंच फोम फक्त वरची चकाकी शोषतो आणि खालचा-मधला गोंधळ तसाच ठेवतो, खोली आणखीच कोंदट वाटते. अंड्यांचे ट्रे तर विसराच, शिवाय ते आणि साधा फोम दोन्ही पेट घेतात आणि खाली तुमच्या वायरी असतात. छत उंच असतं तर पॅनल खाली टांगून वर हवेची पोकळी ठेवली असती, तिचा फायदा होतो. साडेसात फुटांत ती चैन परवडत नाही, म्हणून छताला चिकटूनच लावा. चार इंच गेले तरी सात फूट दोन इंच उरतात.

सुताराकडून चार इंच खोल लाकडी पट्ट्यांच्या चौकटी करून घ्या. वरून गुंडाळायला मांजरपाट उत्तम. कापड तोंडाशी धरून फुंकर मारा, हवा आरपार गेली तर आवाजही जाईल. रेक्झीन, जाड पडद्याचं कापड, रंग दिलेलं कापड नको. रॉकवूल हाताळताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, मास्क आणि चष्मा घालाच, तंतू त्वचेत रुततात आणि रात्रभर खाज सुटते. चौकटीसकट एक पॅनल सात-आठ किलोंपर्यंत जातं, तेव्हा स्लॅबमध्ये ड्रिल करून प्लग-स्क्रूने चारही कोपरे पकडा. डोक्यावर टांगायच्या गोष्टीला चिकटपट्टी कधीही वापरू नका. जुनं घर असेल आणि प्लास्टर पोकळ वाजत असेल तर आधी माहीतगार माणसाला दाखवा.

छताचा पंखा मध्ये येतो. तो काढा. रेकॉर्डिंगच्या वेळी तसाही बंद ठेवावा लागतो आणि इतक्या खाली त्याची पाती माइकच्या स्टँडला लागतात. भिंतीवरचा पंखा दोन टेकच्या मध्ये लावायचा.

फरशी कडक राहिली तरी चालेल. सेटखाली मात्र जाड सतरंजी किंवा जाजम हवंच, नाहीतर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) प्रत्येक ठोक्याला पुढे सरकते आणि तासाभरात माइकची सगळी अंतरं बदलतात.

हे सगळं खोलीच्या आतल्या आवाजासाठी आहे. शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज याने थांबत नाही, कारण किकचा ठोका जमिनीतून आणि भिंतीतून जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते ६. मी सकाळी अकरा ते एक आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळांत काम करतो, दुपारी मुळीच नाही. आणि आदल्या दिवशी शेजारच्या काकूंना सांगून येतो.

ड्रम सुरात लावणं

उंच हॉलमध्ये खोली स्वतः आवाजाला शेपूट देते. इथे ती मिळणार नाही, मग कोरडा, जवळचा, नेमका आवाज हाच आपला आवाज मानून चला. त्यात कमीपणा काहीच नाही. १९६६ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत इंजिनिअर जेफ एमरिकने बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार याच्या किकमध्ये लोकरीचा स्वेटर कोंबला होता, आणि पुढे रिंगो टॉमवर भांडी पुसायची फडकी टाकून वाजवायचा. एवढा मोठा स्टुडिओ हाताशी असून त्यांनी कोरडा आवाज मुद्दाम निवडला.

किकमध्ये स्वेटरऐवजी एक गोधडी घडी करून ठेवा, दोन्ही स्किनना जेमतेम टेकेल इतकीच. स्नेअर आणि टॉम लावताना तबल्याला घर-घर ठोकून बघतो तसंच प्रत्येक नटाजवळ, काठापासून दोन इंचांवर, हलकेच वाजवा. सगळीकडे एकच सूर येईपर्यंत समोरासमोरचे नट पाव-पाव फेरा फिरवत राहा. खालची स्किन विसरू नका, टॉमचा सूर किती वेळ टिकतो ते तीच ठरवते.

आता भिंतीवर लिहिलेला आकडा बघा. सोळा इंचांचा फ्लोअर टॉम सहज ७५ हर्ट्झच्या आसपास लागतो, आणि साडेसात फुटांची खोली नेमकी तिथेच घुमते. सुराच्या भाषेत सांगायचं तर ही खूप खालच्या सप्तकातली पांढरी दोन. टॉम तिथे लागला की ठोका थांबल्यावरही खोली गुरगुरत राहते. तो थोडा वर, पांढरी चारकडे न्या, किंवा चांगला खाली उतरवा. ट्यूनरच्या ॲपवर पाच मिनिटांत कळतं. या पाच मिनिटांनी माझं जितकं मिक्सिंग वाचलंय तितकं दुसऱ्या कशानेही नाही.

सिंबलबद्दल ड्रमरशी स्पष्ट बोला. छोट्या खोलीत क्रॅशचा (जोरात मारायच्या सिंबलचा) आवाज सगळ्या माइकांत शिरतो. हात स्नेअरवर भारी आणि सिंबलवर हलका, हे ज्याला जमतं त्याचं अर्धं मिक्स तिथेच झालेलं असतं. पातळ, गडद आवाजाचे सिंबल असतील तर तेच लावायला सांगा.

माइक आणि सुतळी

चार माइक पुरेसे आहेत: किक, स्नेअर आणि दोन ओव्हरहेड. इंटरफेसला (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीला) दोनच इनपुट असतील तर किक आणि एक ओव्हरहेड घ्या. तेवढ्यावरही चांगलं काम होतं.

कमी उंचीला दोन पद्धती मानवतात. इंजिनिअर ग्लिन जॉन्सच्या पद्धतीत पहिला माइक स्नेअरच्या वर साधारण ४० इंचांवर आणि दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूने हायहॅटकडे (पायाने उघड-मीट करायच्या सिंबलच्या जोडीकडे) बघत असतो, दोघंही स्नेअरपासून सारख्याच अंतरावर. स्नेअर जमिनीपासून २६ इंचांवर धरला तर वरचा माइक साडेपाच फुटांवर येतो. जमतं, पण काठावर. दुसरी पद्धत रेकॉर्डरमॅन नावाने ओळखली जाते आणि बुटक्या खोलीला मी तीच सुचवतो, कारण तिच्यात वरचा माइक पाच फुटांच्याही खाली राहतो.

ती अशी लावा. ड्रमस्टिक साधारण १६ इंचांची असते. स्नेअरच्या मध्यावर एकावर एक दोन काठ्या उभ्या धरा. जिथे दुसरीचं टोक येतं तिथे पहिला माइक, तोंड सरळ खाली स्नेअरकडे. आता एक लांब सुतळी घ्या. तिचं एक टोक एकाला स्नेअरच्या मध्यावर बोटाने दाबून धरू द्या. सुतळी वर माइकच्या तोंडापर्यंत ताणा, तिथे चिमटीत पकडा, आणि तिथून खाली किकच्या स्किनवर बीटर (पेडलचा ठोकळा) लागतो त्या जागेपर्यंत नेऊन तिथेही धरा. सुतळीचा त्रिकोण झाला. आता दोन्ही खालची टोकं न हलवता आणि चिमटी न सोडता तो ताणलेला त्रिकोण ड्रमरच्या उजव्या खांद्याकडे फिरवा. खांद्याच्या जरा वर, पुढे, जिथे सुतळीच्या दोन्ही बाजू ताठ राहतात, तिथे दुसरा माइक. तोंड पुन्हा स्नेअरकडे.

यामुळे स्नेअर आणि किक, दोघांचाही आवाज दोन्ही माइकांत एकाच क्षणी पोचतो. ओव्हरहेड डावी-उजवीकडे उघडले तरी स्नेअर मधोमध घट्ट बसतो. सुतळी ताणताना घाई करू नका. दोन इंचांचा फरकही ऐकू येतो. एखादा सिंबल माइकच्या फूटभर आत येत असेल तर सिंबल सरकवा, माइक नको. इतक्या जवळून झुलत्या सिंबलचा आवाज आत-बाहेर होतो.

स्नेअरला शुअर एसएम५७ किंवा त्या जातीचा डायनॅमिक, काठाच्या इंच-दीड इंच वर, तोंड मध्याकडे आणि पाठ हायहॅटकडे. किकला एकेजी डी११२ किंवा शुअर बीटा ५२ए सारखा माइक असेल तर उत्तम. पुढच्या स्किनला भोक असेल तर त्यातून आत, नसेल तर स्किनपासून चार बोटं बाहेर.

ऐकून खात्री करा

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. ड्रमरला त्याच्या सगळ्यात जोरकस भागासारखं वाजवायला सांगा आणि सगळ्यात उंच शिखर उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. टेक सुरू झाला की तो चाचणीपेक्षा जोरात वाजवतोच. ओव्हरहेडवर पॅडचं (माइकमध्येच आवाज कमी करायचं) बटण असेल तर दाबा.

मग एक मिनिट रेकॉर्ड करून मोनोमध्ये ऐका. ओव्हरहेड लावा, त्यात किक मिसळा, किकची पोलॅरिटी (तरंगाची वर-खाली दिशा) उलटी करून बघा. ज्या बाजूला खालचा आवाज भरीव लागतो ती ठेवा. मग हेच स्नेअरला. सगळ्यात महत्त्वाचं, डोळे मिटून फक्त ओव्हरहेड ऐका. त्यात अख्खा सेट समजण्यासारखा वाजत असेल तर पुढे जा. नसेल तर माइक इंच-इंच हलवा, पण वर नको.

आत वाजवणाऱ्याच्या कानांची काळजी घ्या. छत जवळ असलं की त्याला आवाज जास्तच बसतो. अमेरिकेच्या नायोश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आठ तास चालतात, पण १०० डेसिबलला मर्यादा १५ मिनिटांवर येते. बंद कपांचे हेडफोन द्या, क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) गरजेपुरतीच ठेवा, आणि दर तीन-चार टेकनंतर दार उघडून पंखा लावा.

मिक्सिंगमध्ये थोडंसंच

किक आणि फ्लोअर टॉममध्ये खोलीची गुरगुर उरली असेल तर त्या ७५ च्या आसपास बारीक रुंदीने तीन-चार डेसिबल कमी करा. ओव्हरहेडचा खालचा भाग सरसकट कापू नका. चार माइकांच्या पद्धतीत टॉम तिथूनच येतात. मोठेपणा हवा असेल तर लहान रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा), अर्ध्या-पाऊण सेकंदाचा, आणि आधी १०-२० मिलिसेकंदांची उसंत.

याहून खरा मार्ग म्हणजे जिना. लेड झेपेलिन या रॉक बँडच्या १९७१ च्या चौथ्या अल्बमसाठी इंजिनिअर अँडी जॉन्सने ड्रमर जॉन बॉनमचे ड्रम्स हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्याखालच्या हॉलमध्ये ठेवले आणि माइक वरच्या मजल्यावरून टांगले. आपल्याला सेट जिन्यात नेता येणार नाही, पण रेकॉर्ड झालेला स्नेअर नेता येतो. इमारतीच्या जिन्यात स्पीकर ठेवून फक्त स्नेअरचा ट्रॅक वाजवा, एक मजला वर माइक ठेवून तो रेकॉर्ड करा, आणि मूळ ट्रॅकखाली हळूच मिसळा. सकाळी अकराला, सोसायटीला विचारून, दहा मिनिटांचं काम आहे.

शेवटचा टेक झाला की ड्रमर लगेच सिंबल उतरवायला लागतो. त्याला थांबवा. माइक जिथे आहेत तिथेच असताना किक, स्नेअर, प्रत्येक टॉम आणि प्रत्येक सिंबल एकेकटा, हलका-मध्यम-जोरात असे पाच-सहा ठोके रेकॉर्ड करून घ्या, आणि प्रत्येक ठोका पूर्ण विरेपर्यंत कुणी हलायचं नाही. एखाद्या टेकमध्ये ठोका हुकला तर त्याच खोलीतला, त्याच दिवसाचा सुटा ठोका हाताशी असतो. मग स्टँडच्या पायांभोवती फरशीवर रंगीत टेपच्या खुणा करा, माइकचे फोटो काढा, आणि सुतळीला जिथे चिमटी होती तिथे गाठ मारून ती पुढच्या वेळेसाठी खिळ्याला अडकवून ठेवा.